सशाच्या गाड्या आत, बगळ्याच्या बाहेर

मोटारीच्या कारखान्यात मोटारी बनवणारे ढिगाने असतात, पण त्या मोटारींना जागा दाखवणारा एखादाच असतो. या कारखान्यात तो मान मामांकडे होता. मामा म्हणजे कामगारांच्या वाहनतळाच्या फाटकावरचे पहारेकरी. सुपरवायझरपासून कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यामुळे त्यांच्या बायकोला आपोआप मामी व्हावं लागलं होतं.

वाहनतळ दोन होते. एक फाटकाच्या आत, फरशी घातलेला, वर पत्र्याचं छप्पर, खाली पांढरे पट्टे. दुसरा फाटकाबाहेर, गटाराला लागून, नुसती खडी टाकलेला. आत कोणी लावायची आणि बाहेर कोणी, याचा नियम कारखान्याइतकाच जुना होता. इथं बनणाऱ्या गाडीच्या नाकावर उडी मारणारा ससा असायचा. ज्याच्या गाडीवर ससा, तो आत. ज्याच्या गाडीवर दुसरं काहीही, तो बाहेर, मग तो हेडक्लार्क असो नाहीतर कंपनीचा डॉक्टर. पगार आमचा खायचा आणि मिरवायची दुसऱ्याची गाडी, तर मग या खडी तुडवत, असा त्यामागचा सरळ विचार. त्यातून गाडी बगळ्याची निघाली तर मामांच्या कपाळाला फाटकाआधी आठी पडायची. बगळा म्हणजे शेजारच्या शहरातल्या कंपनीचं चिन्ह. दोन्ही कंपन्यांचं जन्माचं वैर. सशानं एखादी गाडी काढली की बगळा लगेच तशीच काढणार, वर थोडी स्वस्त विकणार.

मामा मुळात फाटकावरचे नव्हेत. तरुणपणी ते गाड्यांना दारं बसवायचे. एकदा दारांनी भरलेली ट्रॉली कलंडली आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. दुसरा मालक असता तर घरी पाठवलं असतं. या मालकानं फाटक दिलं. हे उपकार मामांनी जरा जास्तच मनाला लावून घेतले. एकदा तर मालकाचा सख्खा मेहुणा परक्या कंपनीच्या गाडीतून आला, त्यालाही मामांनी हात दाखवून खडीवर पाठवला. मालकानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दिवसापासून मामा जमिनीपासून वीतभर वरूनच चालायला लागले. पुढं कंपनीच्या वसाहतीतल्या अंगणालाही त्यांनी हाच नियम लावून घेतला. वसाहतीतल्या निम्म्या लोकांशी त्यांचं यावरून कधी ना कधी वाजलं होतं.

पुढे मालक बदलले. दोघा भावांनी काढलेली कंपनी भावाभावांच्या भांडणात एका ट्रॅक्टरवाल्यानं घेतली. ट्रॅक्टरवाल्यानं ती अशा पैसेवाल्यांना विकली की ज्यांचं तोंडही कुणी कधी पाहिलं नाही. दर वेळी कॅन्टीनच्या भिंतीवरचा फोटो बदलायचा, शेवटी तर नुसता खिळाच उरला. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. गाडीच्या नाकावर ससा आहे ना, मग झालं तर.

मामांना एकच मुलगी. ती बापाच्या खांद्यावर बसून वळणावरच्या गाड्या ओळखायला शिकली होती. कुणाच्या मुलींना चांदोमामा दाखवतात, हिला हेडलाइट दाखवले गेले. ही मुलगी मोठी झाली आणि तिनं लग्न कुणाशी करावं? तर बगळ्याच्या कंपनीतल्या ड्राफ्ट्समनशी. तो तिकडं गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांचे आराखडे काढायचा. मामांनी तोंड थोडं वाकडं केलं, पण मुलगा शांत आणि सरळ होता, आणि लेक खूश होती. लग्न झालं.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा राहायला आली ती नवीकोरी बगळ्याची गाडी घेऊन. मामी दारात उभ्या. अंगणात मामांच्या जुन्या सशाशेजारी जागा रिकामी. आणि खिडक्याखिडक्यांतून शेजारी बघतायत, मामा आता काय करतात ते. मामा जिना उतरून खाली आले आणि त्यांनी हात वर केला.

"जावईबापू, तेवढी गाडी रस्त्यावर लावा. नियम आहे."

जावयाला वाटलं थट्टा चाललीय. तो हसला. मामा हसेनात.

"बाबा, चेष्टा करताय का?" लेक म्हणाली.

"यात चेष्टा कसली? घरच्यांना सोडलं तर उद्या सगळेच सोडा म्हणतील."

गाडी रस्त्यावर गेली. सगळे जेवत असताना कचऱ्याची लॉरी आली, आरसा तोडून आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ओरखडा काढून निघून गेली. जावई बाहेर जाऊन बघून आला आणि "होतं असं" एवढंच म्हणून परत पानावर बसला. लेकीनं मात्र हात धुतले. निघताना ती बापाला म्हणाली, "आमची गाडी बाहेर असेल तर आम्हीही बाहेरच." आणि तिनं ते पाळलं. हा हट्ट तिनं कुणाकडून घेतला, हे विचारायची गरज नव्हती.

नात झाली तेव्हा मामी बसनं गेल्या, राहून आल्या, मोबाइलभर फोटो घेऊन आल्या. मामांनाही जाता आलं असतं. पण बगळ्याच्या वसाहतीतही हाच नियम होता, फक्त उलटा. तिथं मामांचा ससा रस्त्यावर उभा राहणार. "मग माझ्यासारखे बसनं चला," मामी म्हणाल्या. "बसनं का? मला काय गाडी नाही?" असं म्हणून मामांनी विषय संपवला. दोन गाड्यांच्या मानापायी माणसं अडकून पडली. नात रांगली, चालली, बोलायला लागली, ते सगळं मामांनी हाताएवढ्या पडद्यावर पाहिलं. एकदा मामी म्हणाल्या की पोर मामांना 'फोनमधले आजोबा' म्हणते. मामा मोठ्यानं हसले. मग पाणी पितो म्हणून स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

अशात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये पडदा लावून सगळ्यांना सांगण्यात आलं की कंपनी एका मोठ्या समूहानं विकत घेतली आहे. लोकांना सवय होती, कुणी भाकरीचा घासही खाली ठेवला नाही. मग कुणीतरी विचारलं, हा समूह म्हणजे कोण? तेव्हा कळलं की बगळाही त्याच समूहाचा, आणि मालवाहू गाड्या बनवणारं कासवही त्यांचंच.

"गिळला रे गिळला! बगळ्यानं ससा गिळला!" मामांच्या वरच्या मजल्यावर राहणारा फिटर ओरडला.

"आणि ससा न् कासव एकाच मालकाचे म्हटल्यावर शर्यत कुणी कुणाशी लावायची?" दुसरा म्हणाला.

सगळं कॅन्टीन हसलं. मामांना हसू येईना. आयुष्यभर ज्याला फाटकाबाहेर ठेवलं तोच घराचा धनी होऊन आला होता, आणि याचं वाईट वाटलेला त्या हॉलमध्ये बहुधा ते एकटेच होते.

नव्या मालकांना जुन्या कंपनीतलं फारसं काही पसंत पडलं नाही. पण वाहनतळाचा नियम तेवढा फार आवडला. एचआरच्या मॅडम स्वतः फाटकावर आल्या. तरुण, तुरुतुरु चालणाऱ्या, बोलायला गोड.

"मामा, नियम तोच ठेवायचाय. फक्त आपली गाडी म्हणजे आता तिन्ही. ससा, बगळा, कासव."

"बगळापण आपला?"

"आपलाच की."

फाटकावर तीन चित्रांचा नवा फलक लागला. दुसऱ्या दिवशी पहिली बगळ्याची गाडी समोर आली तेव्हा मामांचा हात फाटकाचा आडवा दांडा वर करायला उचलेचना. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा उचलला.

मामींना मात्र यात वेगळंच दिसलं. "आता तरी पोरीला फोन करा," त्या म्हणाल्या. मामांच्याही मनात तेच होतं. आपण वाकायचं नाही आणि लेकही घरी येईल, इतकी सोयीची गोष्ट आयुष्यात पुन्हा थोडीच घडणार होती? त्यांनी घसा साफ करून फोन लावला.

"पोरी, कंपनीचा नियम बदललाय. तुमची गाडी आता आत चालते. या तुम्ही."

लेकीनं विचारलं, "आणि उद्या नियम परत बदलला तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," मामा म्हणाले. त्यांना ते अगदी शहाणपणाचं उत्तर वाटलं.

"मग आम्हीही तेव्हाच बघतो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मामा फोनकडं बघत बसले. "आता काय चुकलं माझं? या म्हटलं की!"

"अहो, कंपनीनं या म्हटलं. तुम्ही कुठं म्हटलंत?" मामी म्हणाल्या आणि भाजी परतायला निघून गेल्या. मामांना त्या वेळी ते पटलं नाही. बायकांचं काहीतरी असतं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

समूह म्हटला की काटछाट आलीच. दोन कंपन्यांना दोन डिझाइन ऑफिसं कशाला, असं वर कुणालातरी वाटलं आणि बगळ्याचं ऑफिस बंद झालं. काहींना नारळ मिळाला, काहींची इकडं बदली झाली. जावयाचं नशीब बरं, तो बदलीत आला. दोघांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं घर घेतलं. मामी सुट्टीच्या दिवशी तिकडं जाऊन यायला लागल्या. मामांना कुणी या म्हणालं नाही आणि नको असंही म्हणालं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी वळणावर हेडलाइट दिसले तेव्हाच मामांनी गाडी ओळखली. दारावरचा ओरखडा तसाच होता. मामांनी दांडा पार वरपर्यंत नेला आणि बाजूला सरून उभे राहिले. गाडी फाटकापाशी आली, हळू झाली, आणि डावीकडं वळून खडीवर जाऊन थांबली. जावई उतरला, बॅग खांद्याला लावली आणि गटाराच्या कडेकडेनं चालत आला.

"नमस्कार, मामा."

लग्नानंतर तो बाबा म्हणायचा. आता सगळ्या कारखान्यासारखं मामा म्हणाला.

"आत जागा आहे. चालतं आता," मामा म्हणाले.

"माहितीय. इथं बरं आहे."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. राग असता तर मामांना सोपं गेलं असतं, रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना चांगलं येत होतं. आता रोज सकाळी हेच व्हायला लागलं. छप्पर रिकामं, दांडा वर, आणि जावयाची गाडी गटारापाशी. पाऊस झाला की तो पँटच्या पायांना चिखल लावून आत यायचा. लोक बघायचे. तोंडावर कुणी बोललं नाही, पण फिटर एकदा नुसतं "काय मामा" म्हणून गेला, आणि तेवढं पुरेसं होतं.

एके सकाळी मामा पाळीच्या आधीच आले आणि फावडं घेऊन खडी सपाट करायला लागले. पाणी साचायचं तिथं त्यांनी पावलं टाकण्यापुरत्या विटा मांडल्या. जावई त्यांवरून चालत आला.

"विटा तुम्ही ठेवल्यात?"

"कोण जाणे. ठेवल्या असतील कुणीतरी."

"बरं केलं ज्यानं ठेवल्या त्यानं," जावई म्हणाला आणि आत गेला. मामांना दिवसभर बरं वाटत राहिलं. इतक्या दिवसांत दोघांमधलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

विटा ठेवून झाल्या, पण घरी या म्हणायचं काही मामांना जमेना. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तेवढ्यात मागची गाडी हॉर्न मारायची. आणि असे दिवस जात असताना समूहानं बगळा विकला. नाव, कारखाना, चिन्ह, सगळं उचलून परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला देऊन टाकलं. ससा जास्त खपतो म्हणून तो ठेवला. इकडं बदलून आलेली माणसं समूहाकडंच राहिली. म्हणजे जावई आता सशाचा पगार खाणारा आणि बगळ्याची गाडी चालवणारा झाला, मामांच्या लेखी याहून वाईट माणूस असूच शकत नव्हता.

मॅडम पत्र्याची पट्टी घेऊन आल्या आणि फलकावरचं बगळ्याचं चित्र स्वतःच खरवडायला लागल्या.

"मामा, उद्यापासून बगळा बाहेर."

"मॅडम, आत्ता कुठं आत घेतला होता."

"मला तरी कोण विचारतं मामा? वरून आलंय. उद्या मी इथं असेन का, तेही वरूनच येणार." चित्र नीट निघालं नाही, डिंकाचा डाग राहिला. त्या हात झटकून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मामा जेवायला बसले. उद्या नियम परत बदलला तर, असं लेकीनं विचारलं होतं. तो उद्या आता आला होता, आणि 'बघू' म्हणायलाही जागा राहिली नव्हती. मामांना आज पहिल्यांदाच नीट कळलं की ज्या गोष्टीला ते इतकी वर्षं कणा मानून उभे होते ती दुसऱ्याच कुणाच्यातरी मर्जीनं वाकत होती, आणि तिच्यापायी त्यांनी आपली पोर घालवली होती. त्यांना फार वाईट वाटलं. ते मामींना तसं म्हणालेही. मामींनी त्यांच्या पानात भात वाढला, पण "मी म्हटलं नव्हतं का" असं त्या म्हणाल्या नाहीत.

सकाळी फाटकावर रांग लागली होती. बगळ्याचे दुसरे दोघे-तिघे मुकाट खडीकडं वळले. मग जावयाची गाडी आली. रोजच्यासारखी ती डावीकडं वळायला लागली, तर समोर मामा. एका हातानं दांडा वर धरलेला, दुसरा हात गाडीच्या नाकापुढं आडवा.

जावयानं काच खाली केली. "मामा, आजपासून आमच्या गाड्या बाहेर ना? वाचलंय मी."

"मीही वाचलंय. आत घ्या."

"अहो, पण..."

"घ्या म्हणतो ना. छपराखाली लावा."

मागं हॉर्नांचा गोंगाट सुरू झाला होता. जावयानं एकदा मामांकडं पाहिलं, एकदा फलकाकडं पाहिलं आणि गाडी आत घेतली. खडीवर गेलेले दोघे दारं आपटून परत आले, आम्हाला का नाही म्हणून भांडायला लागले. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. गलका ऐकून मॅडम धावत आल्या.

"ही गाडी कुणी सोडली?"

"मी."

"नियम माहीत नव्हता?"

"मला नसेल तर कुणाला असेल?"

"मग का सोडली?"

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "जावई आहेत माझे. लग्न झाल्यापासून मी त्यांना बाहेर ठेवलंय."

मॅडमनी कदाचित सोडूनही दिलं असतं. पण भांडणारे दोघे समोरच उभे होते, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं. दुपारपर्यंत मामांची फाटकावरून उचलबांगडी झाली आणि त्यांना हातमोजे आणि गमबूट वाटायच्या कोठारात बसवण्यात आलं. फाटकाची किल्ली देताना ते थोडे गडबडले. मग कोठारात जाऊन त्यांनी बूट मापाप्रमाणे लावायला घेतले.

संध्याकाळी फोन वाजला. लेक नेहमी मामींच्या फोनवर करायची. आज मामांचा वाजला.

"बाबा, हे काय करून बसलात? फाटक गेलं ना तुमचं?"

"गेलं तर गेलं." मामा म्हणाले. या वेळी मागून हॉर्न मारायला कुणी नव्हतं. "पोरी, त्या दिवशी माझं चुकलं. गाडी बाहेर काढायला नको होती. मी चुकलो. घरी या तुम्ही."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सुट्टीच्या दिवशी येतो," ती म्हणाली. "गाडी घरीच ठेवते. बसनं येतो. उगाच वसाहतीत पुन्हा तमाशा नको."

"बसनं का? गाडी घेऊनच या," मामा म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मामा अंगणात येरझाऱ्या घालत होते. त्यांनी आपली गाडी पार भिंतीपर्यंत सरकवून शेजारी जागा केली होती. गाडी वळणावर दिसली तशा सगळ्या खिडक्या भरल्या. ज्यांना ज्यांना मामांनी कधीकाळी रस्त्यावर पाठवलं होतं ते सगळे कठड्यांवर रेलून उभे होते.

"मामा! नियमाचं काय झालं?" फिटर वरून ओरडला.

"तुझी पण उद्यापासून आत लाव. आता गप बस, मला गाडी लावू दे!"

गाडी लेक चालवत होती. ती अंगणात आली, वळली आणि मागं यायला लागली. मामा भिंतीपाशी उभे राहून दोन्ही हातांनी बोलावत होते. "येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे." मागच्या काचेला दोन छोटे तळवे चिकटले होते, त्यांच्यामध्ये नातीचं चपटं झालेलं नाक. ती काचेतून मामांकडं टक लावून बघत होती आणि मामा तिच्याकडं. "येऊ दे," मामा म्हणतच राहिले. ज्यांनी आयुष्यभर हजारो गाड्या इंचाइंचानं लावल्या, त्यांना त्या दिवशी 'बास' म्हणायचं राहून गेलं. धप्पकन आवाज झाला आणि गाडीची पाठ भिंतीला जाऊन भिडली.

सगळे कठडे खदाखदा हसले. लेक उतरून मागं धावली. "बाबा! अहो, बास कोण म्हणणार?"

"राहिलं माझं," मामा म्हणाले. बंपरकडं त्यांनी पाहिलंही नाही. मागचं दार उघडून ते नातीसमोर वाकले, आणि ती लाजत लाजत अंगावर येईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.